रीथचा रविवार

१९२२ सालच्या ऑक्टोबर महिन्यातील गोष्ट. लंडनमधील एका क्लबात तेहेतीस वर्षांच्या एका स्कॉटिश इंजिनिअरने नोकरीचा अर्ज लिहिला आणि तो तेथल्याच टपालपेटीत टाकला. मग त्याच्या मनात आले, हा अर्ज ज्यांच्या हाती पडणार ते सर विल्यम नोबल आहेत तरी कोण? त्याने थोरामोठ्यांच्या माहितीचा कोश उघडला. गृहस्थ ॲबर्डीनकडचे निघाले. झाले! त्याने पेटीतून अर्ज परत मिळवला, आपलेही घराणे ॲबर्डीनकडचेच असल्याचा उल्लेख त्यात बेताने घातला आणि तो पुन्हा पेटीत टाकला. ज्या कामासाठी हा अर्ज होता त्या कामाची त्याला कितपत माहिती होती? ‘ब्रॉडकास्टिंग’ म्हणजे काय हे आपल्याला त्या वेळी मुळीच ठाऊक नव्हते, असे त्याने स्वतःच पुढे प्रांजळपणे सांगितले आहे.

हा अर्जदार म्हणजे जॉन रीथ. बी. बी. सी. या जगद्विख्यात ध्वनिक्षेपणसंस्थेचा पहिला व्यवस्थापक आणि पुढे पहिला सरसंचालक. कायद्याच्या भाषेत त्याला संस्थापक म्हणता येणार नाही. भांडवल दुसऱ्यांचे होते, परवाना पोस्टखात्याचा होता आणि तो रुजू होण्यापूर्वीच कंपनीचे प्रक्षेपण सुरू झालेले होते. परंतु संस्थेचा जन्म निराळा आणि तिच्यावर होणारे संस्कार निराळे. मूल कोणाच्या पोटी आले याची नोंद नगरपालिकेच्या दप्तरात सापडते. त्याच्या अंगच्या सवयी कोणाच्या आहेत हे मात्र शेजाऱ्यांना विचारावे लागते. बी. बी. सी. च्या बऱ्यावाईट सवयी ज्याच्या होत्या त्या माणसाविषयी आज आपल्याशी थोडे बोलावे, असा विचार आहे.

प्रथम त्या कंपनीचा मूळ हेतू लक्षात घेतला पाहिजे. ती निघाली ती बिनतारी यंत्रे विकण्यासाठी. मार्कोनी आदी सहा मोठ्या कारखानदारांनी पुढाकार घेऊन १८ ऑक्टोबर १९२२ रोजी ‘ब्रिटिश ब्रॉडकास्टिंग कंपनी’ उभी केली. लोकांनी यंत्रे घ्यावयाची तर त्यांना ऐकण्यासारखे काही हवे, म्हणून कार्यक्रम. यंत्र बाळगणाऱ्याने वर्षाला दहा शिलिंग भरून परवाना घ्यावयाचा आणि त्यातील वाटा कंपनीला मिळावयाचा, अशी व्यवस्था होती. जाहिरातींना मज्जाव होता. भागीदारांना साडेसात टक्क्यांवर नफा घेता येत नव्हता, कारण त्यांचा खरा नफा दुकानात होता. १४ नोव्हेंबरला लंडनहून प्रक्षेपण सुरू झाले आणि डिसेंबरच्या ३० तारखेला रीथ कामावर आला, तेव्हा कंपनीच्या पदरी अवघी चार माणसे होती.

अशा कंपनीचा व्यवस्थापक कसा असावयास हवा होता? बाजाराची नाडी ओळखणारा, हसतमुख, लोकांना हवे ते देणारा. अटलांटिकपलीकडे हेच चालले होते. न्यूयॉर्कच्या एका केंद्रावरून त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घरे विकणाऱ्या एका कंपनीने पैसे मोजून दहा मिनिटे विकत घेतली होती, आणि अमेरिकेतील नभोवाणी पुढे त्याच वाटेने गेली. लंडनमध्ये मात्र दुकानाच्या दारात जो माणूस बसवला गेला तो निघाला धर्मोपदेशक. त्याने दुकानाचे देऊळ केले. ज्यांनी त्याला नेमले त्या कारखानदारांना हे केव्हा उमगले असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे. त्यांना यंत्रे खपल्याशी कारण होते, आणि यंत्रे तर हातोहात खपत होती. चार वर्षांत परवान्यांची संख्या वीस लाखांच्या वर गेली!

रीथचा जन्म २० जुलै १८८९ चा, स्कॉटलंडच्या किनाऱ्यावरील स्टोनहेवन या गावचा. वडील प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक, ग्लासगोतील एका प्रतिष्ठित चर्चचे प्रमुख. सात भावंडांत हा धाकटा. आपल्याकडील जुन्या कर्मठ घरात सोवळ्याचा जो दरारा असे तो त्या घरात रविवारला होता. रविवार म्हणजे प्रार्थना, प्रवचन आणि मौन. खेळ नाही, हसणेखिदळणे नाही. वडिलांविषयी रीथच्या मनात पराकाष्ठेचा आदर होता. पण वडिलांनी त्याला विद्यापीठात न पाठवता आगगाडीची इंजिने बनविणाऱ्या कारखान्यात उमेदवारीला लावले, याचे शल्य त्याला जन्मभर बोचत राहिले. पुढे महायुद्ध आले. १९१५ च्या ऑक्टोबरात फ्रान्समधील आघाडीवर शत्रूची गोळी त्याचा गाल फाडून गेली. साडेसहा फूट उंची, दाट भुवया, गालावर ती जखमेची खूण आणि मनात अशी ठाम श्रद्धा की, ईश्वराने आपल्याला काहीतरी मोठ्या कार्यासाठी मागे ठेवले आहे. असा माणूस समोर उभा राहिला म्हणजे नोकरीसाठी आलेल्या उमेदवाराची काय अवस्था होत असेल याची कल्पनाच करावी. येशूच्या मूलभूत शिकवणुकीवर तुमची श्रद्धा आहे काय, असा प्रश्न तो मुलाखतीत विचारीत असे, अशी आठवण त्या काळच्या लोकांनी नोंदवून ठेवली आहे.

१९२४ मध्ये त्याने ‘ब्रॉडकास्ट ओव्हर ब्रिटन’ या नावाचे पुस्तक लिहिले. त्यातला गाभ्याचा विचार असा : लोकांना हवे ते द्यावे असे म्हणणारा माणूस लोकांना कमी लेखत असतो, कारण आपल्याला काय हवे हे थोड्यांनाच कळते आणि आपल्याला कशाची गरज आहे हे तर त्याहूनही थोड्यांना. तेव्हा द्यावयाचे ते उत्तमच द्यावे आणि सर्वांना द्यावे. लंडनच्या उमरावाला जे संगीत ऐकता येते तेच वेल्समधील खाणमजुराच्या झोपडीत पोचावे.

या विचारात उद्धटपणा आहे, हे उघड आहे. आपल्याला कशाची गरज आहे हे रीथने का ठरवावे, असे कोणीही विचारील. परंतु त्या उद्धटपणात आदरही होता, हे मला नाकारता येत नाही. खाणमजुराला बीथोव्हेन कळणार नाही असे मानणारा माणूस अधिक लोकशाहीवादी म्हणावा की त्याला तो कळलाच पाहिजे असा हट्ट धरणारा? या प्रश्नाचे उत्तर मी वर्षानुवर्षे बदलत आलो आहे.

या स्वभावाचे पडसाद संस्थेच्या बारीकसारीक रीतींत उमटू लागले. रात्रीच्या निवेदकाने भोजनसमारंभाचा काळा पोशाख चढवूनच ध्वनिक्षेपकापुढे बसावयाचे, असा शिरस्ता पडला. श्रोत्यांना तो दिसत नव्हता. पण कलावंतांना दिसत होता, आणि रीथच्या मते ईश्वरालाही दिसत असावा. निवेदकाचे नाव सांगावयाचे नाही, कारण बोलतो तो माणूस नव्हे, संस्था बोलते. उच्चार कसे असावेत हे ठरविण्यासाठी १९२६ मध्ये एक समिती नेमली गेली. राजकवी रॉबर्ट ब्रिजेस तिचे पहिले अध्यक्ष आणि नंतर बर्नार्ड शॉ! स्कॉटिश व्यवस्थापकाने आयरिश नाटककाराकडून इंग्रजांना इंग्रजी शिकवून घ्यावे, यातला विनोद शॉच्या नजरेतून खासच सुटला नसेल. आपले कार्यक्रम किती लोक ऐकतात हे मोजण्याची पद्धतशीर व्यवस्था १९३६ पर्यंत नव्हती. रीथला तिची निकड भासली नव्हती. देवळात किती भक्त आले यावरून मूर्तीची उंची ठरत नसते, असेच काहीसे त्याला वाटत असले पाहिजे. १९३२ साली संस्था नव्या भव्य वास्तूत गेली. त्या वास्तूच्या प्रवेशदालनात लॅटिन लेख कोरला गेला; त्यात ही वास्तू म्हणजे कलादेवतांचे मंदिर असून ती सर्वशक्तिमान परमेश्वराला अर्पण केली आहे, असे म्हटले आहे. त्यात रीथचे नावही आहे.

आणि रविवार! स्कॉटलंडमधील त्या घरातला रविवार रीथने सबंध इंग्लंडवर लादला. चर्चमधील प्रार्थनेच्या वेळी प्रक्षेपण बंद. इतर वेळी धर्मपर भाषणे आणि गंभीर संगीत. हलकेफुलके काही नाही. आठवडाभर कारखान्यात राबलेला माणूस सुटीच्या दिवशी यंत्राची खुंटी पिरगाळी, तेव्हा त्याला प्रवचन ऐकू येई. त्याने काय करावे? त्याने खुंटी आणखी थोडी पिरगाळली. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून ‘रेडिओ नॉर्मंडी’ आणि १९३३ पासून ‘रेडिओ लक्झेंबर्ग’ ही केंद्रे इंग्रजीतून नाचाची गाणी आणि साबणाच्या जाहिराती ऐकवीत होती. श्रोत्यांचा मोठा लोंढा रविवारी तिकडे वळला. हे रीथला कळत नव्हते असे नाही. परंतु रविवार सोडणे म्हणजे बाप सोडणे होते. संस्थेच्या धोरणात व्यक्तीचे बालपण कसे मिसळून जाते, याचा याहून ढळढळीत दाखला मला माहीत नाही.

येथवरचे सारे थोडे गमतीचे वाटेल. परंतु १९२६ च्या मे महिन्यात या स्वभावाची परीक्षा झाली ती गमतीची नव्हती.

कोळसा-खाणमालकांनी मजुरी कमी करून कामाचे तास वाढविण्याचे ठरविले. मजुरांच्या पाठीशी कामगारसंघटनांची मध्यवर्ती परिषद उभी राहिली आणि ३ मेच्या मध्यरात्रीपासून सार्वत्रिक संप सुरू झाला. छापखान्यांतले कामगार संपात असल्याने बहुतेक वृत्तपत्रे बंद पडली. तोवर वृत्तपत्रांशी झालेल्या करारामुळे बी. बी. सी. ला संध्याकाळी सातपूर्वी बातम्या देता येत नव्हत्या. आता दिवसाकाठी पाच बातमीपत्रे सुरू झाली आणि एका रात्रीत ती राष्ट्राची जवळजवळ एकमेव वाणी बनली. अर्थमंत्री विन्स्टन चर्चिल सरकारी वृत्तपत्र चालवीत होता. त्याचा आग्रह होता की, सरकारने ही कंपनी सरळ ताब्यात घ्यावी आणि तोफ डागावी तशी ती वापरावी. कायद्याने तसे करणे शक्य होते. कंपनीची मुदत त्याच वर्षअखेर संपत होती. ती सार्वजनिक महामंडळात रूपांतरित करावी अशी शिफारस क्रॉफर्ड समितीने नुकतीच केली होती, तिच्यावर निर्णय व्हावयाचा होता. म्हणजे रीथची मान सर्व बाजूंनी अडकलेली होती.

त्याने काय केले? त्याने कंपनी ताब्यात जाऊ दिली नाही. चर्चिलला तो वाकला नाही. कामगार परिषदेची निवेदने बातमीपत्रांत वाचली जात राहिली, आणि त्यामुळे सरकारी गोटातील कित्येकांचा जळफळाट झाला. ही झाली एक बाजू.

आता दुसरी. कँटरबरीच्या आर्चबिशपनी तडजोडीचे आवाहन करणारे निवेदन तयार केले आणि ते प्रक्षेपित करण्याची विनंती केली. सरकारला ते रुचणार नाही असे दिसताच रीथने नकार दिला. ते आवाहन संप संपावयाच्या आदल्या दिवशी ऐकविले गेले. विरोधी पक्षनेता रॅम्से मॅकडोनल्ड याने बोलण्याची परवानगी मागितली. रीथच्या मनात ती द्यावी असे होते. त्याने पंतप्रधानांना विचारले, नकार आला आणि त्याने तो मानला. याउलट पंतप्रधान बॉल्डविन यांचे भाषण प्रक्षेपित झाले ते तर रीथच्या स्वतःच्या घरून, आणि त्या भाषणात काय असावे याविषयी रीथने एकदोन सूचनाही केल्या. मजुरांच्या गोटात कंपनीच्या आद्याक्षरांवर कोटी होऊन तिला ‘असत्य कंपनी’ म्हटले जाऊ लागले. १२ मेला संप मागे घेतला गेला. ती बातमी रीथने स्वतः वाचली.

त्या दिवसांत त्याने आपल्या रोजनिशीत जे लिहिले ते त्याच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाले. त्याचा मथितार्थ असा की, कंपनी आम्ही ताब्यात घेतली नाही असे सरकारला जगाला सांगावयाचे आहे. पण आम्ही खऱ्या अर्थाने निःपक्षपाती राहणार नाही, हा भरवसा त्याला आहे. हे वाक्य कोणा टीकाकाराचे नव्हे. ते रीथचे आहे. स्वतःशी इतके खरे बोलणारा माणूस मला आदरणीय वाटतो, आणि तेवढ्याचसाठी त्याचा निर्णय अधिक खटकतो. दुसऱ्याने बेडी घालू नये म्हणून आपला हात आपणच बांधून घ्यावयाचा, ही युक्ती त्या नऊ दिवसांत जन्माला आली. तिच्यामुळे संस्था जगली. १ जानेवारी १९२७ रोजी राजाच्या सनदेने ती महामंडळ झाली आणि व्यवस्थापक सर जॉन रीथ झाला. मॅकडोनल्डला त्या रात्री बोलू दिले असते तर हे झाले असते काय? कदाचित नसते. परंतु ज्या संस्थेने आपला जीव एकदा गप्प राहून वाचविला, तिला गप्प राहण्यातच जीव आहे असे वाटू लागते. मोठ्या साहेबांना काय रुचेल याचा अंदाज बांधून आधीच लेखणी आवरती घेणारे संपादक आणि अधिकारी आपण कमी पाहिलेले नाहीत. अशा वेळी लेखी हुकूम कोणाला काढावाच लागत नाही.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की, ही कठोरता एकाच बाजूला लागू होत नव्हती. १९२९ च्या अखेरीस हिंदुस्थानच्या प्रश्नावर आपल्याला दहा मिनिटे बोलू द्यावे, त्यासाठी आपण पदरचे शंभर पौंड देऊ, असे चर्चिलने कळविले. हिंदुस्थानला स्वराज्य देण्याविरुद्ध तो आग ओकणार हे सर्वांना ठाऊक होते. रीथने नकार दिला. आपल्याकडील तत्कालीन वाचकाला हे कळले असते तर त्याने रीथला दुवाच दिला असता. पण तोंड बंद करण्याची सवय एकदा लागली म्हणजे ते तोंड कोणाचे हा प्रश्न गौण ठरतो. चर्चिलने हे वैर विसरले नाही.

घरातल्या माणसांनाही या स्वभावाचा चटका बसला. पीटर एकर्स्ली हा संस्थेचा पहिला मुख्य इंजिनिअर. ब्रिटनभर पसरलेली प्रक्षेपणयोजना ज्याच्या डोक्यातून निघाली, तोच हा बुद्धिमान माणूस. त्याचे नाव घटस्फोटाच्या प्रकरणात गुंतले आणि १९२९ मध्ये त्याला राजीनामा द्यावा लागला. (सात वर्षांनी एका घटस्फोटितेसाठी राजाने सिंहासन सोडले, तेव्हा त्याच्या निरोपाच्या भाषणापूर्वी ध्वनिक्षेपकावर त्याची ओळख करून दिली ती रीथनेच. नियती असे विनोद करते.) हिल्डा मॅथेसन ही भाषणविभागाची प्रमुख. आज मी ज्या रीतीने आपल्याशी बोलत आहे ती रीत घडविण्यात या बाईचा मोठा वाटा आहे. ध्वनिक्षेपकापुढे व्याख्यान झोडावयाचे नसते, समोर बसलेल्या एकाच माणसाशी बोलावे तसे बोलावयाचे असते, हे तिने मोठमोठ्या विद्वानांना शिकविले. नव्या साहित्याला आणि नव्या राजकीय विचारांना तिने आपल्या विभागात जागा दिली, आणि तेथेच तिचे रीथशी बिनसले. १९३१ मध्ये तिने राजीनामा दिला.

तिच्या हाताखाली तयार झालेला एक अधिकारी पुढे आपल्याकडे आला, आणि येथे ही लंडनची कहाणी आपल्या दारापर्यंत पोचते. मुंबईस २३ जुलै १९२७ रोजी ‘इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी’चे केंद्र सुरू झाले होते, पण ती खाजगी कंपनी तीन वर्षांच्या आतच बुडाली आणि सरकारने तो कारभार नाइलाजाने आपल्याकडे घेतला. तो मार्गी लावण्यासाठी बी. बी. सी. तून लायोनेल फील्डन हा अधिकारी १९३५ च्या ऑगस्टअखेर हिंदुस्थानात दाखल झाला. स्वभावाने हा रीथच्या दुसऱ्या टोकाचा. मनस्वी, बोलघेवडा, लाल फितीचा शत्रू. ‘इंडियन स्टेट ब्रॉडकास्टिंग सर्व्हिस’ हे अवजड नाव बदलावे म्हणून त्याने व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्याशी अशा खुबीने संभाषण केले की, ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव आपल्यालाच सुचले असे व्हाइसरॉयना वाटावे. ही हकिगत त्याने आत्मचरित्रात मोठ्या मिस्किलपणे सांगितली आहे. नाव बदलले, पण लंडनसारखे स्वायत्त महामंडळ येथे झाले नाही. सरकारचे एक खाते म्हणूनच ती संस्था वाढली. महामंडळाचा सांगाडा आपल्याकडे आला तो प्रसार भारतीच्या रूपाने, १९९७ मध्ये.

सांगाडा आला नाही तरी सवयी आल्याच. लहरी फील्डन आणि कर्मठ रीथ यांच्यात एक साम्य होते. आपल्या कानाला जे रुचत नाही ते श्रोत्यांनाही ऐकवू नये, याविषयी दोघांनाही तिळमात्र शंका नव्हती. फील्डनला हार्मोनियमचा तिटकारा होता. हिंदुस्थानी संगीतातील सूक्ष्म श्रुती त्या वाद्यावर निघत नाहीत, असे म्हणणारे आपल्यातही अनेक होते. खुद्द रवींद्रनाथांचा बंदीला पाठिंबा होता. १९४० च्या मार्चपासून नभोवाणीवर पेटीला बंदी झाली. फील्डन त्याच वर्षी परत गेला. राज्य बदलले, झेंडा बदलला, आणि ती बंदी मात्र सुमारे तीस वर्षे कायम राहिली! ज्या मराठी माणसाच्या कानात नाट्यपद म्हटले की आधी पेटीचा सूर घुमतो, त्याला ही बंदी किती विचित्र वाटली असेल हे निराळे सांगावयास नको.

पुढचा अध्याय तर थेट मराठी माणसाचाच आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ अशी दहा वर्षे केंद्रीय नभोवाणीमंत्री होते. विद्वान, संगीताचे जाणकार, मनाने स्वच्छ. अभिजात संगीताचे राष्ट्रीय कार्यक्रम आणि नभोवाणी संगीत संमेलन त्यांच्या काळात सुरू झाले. राजेरजवाड्यांचा आश्रय तुटलेल्या कित्येक गवयांच्या घरची चूल त्यामुळे पेटती राहिली. त्याच वेळी त्यांनी चित्रपटगीतांना नभोवाणीच्या उंबऱ्याबाहेर ठेवण्याचा चंग बांधला. परिणाम काय झाला? इंग्लंडच्या रविवारी जे झाले तेच. श्रोत्याने खुंटी थोडी पिरगाळली. तेथे लक्झेंबर्ग होते, येथे सिलोन. ‘बिनाका गीतमाला’ आणि अमीन सायानी यांचा आवाज घरोघर पोचला, आणि शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. केसकरांनी रीथचा कित्ता गिरविला असे मला म्हणावयाचे नाही. दोघांचे शिक्षण निराळे, देव निराळे. परंतु जनतेच्या कानाचे पालकत्व आपल्याकडे आहे, ही जी त्या खुर्चीची समजूत होती, ती खुर्ची पहिल्याने सुताराकडून करवून घेतली होती रीथने.

लंडनकडे परत वळू. १९३८ च्या जून महिन्याच्या अखेरीस रीथने बी. बी. सी. सोडली आणि तो एका विमानकंपनीचा प्रमुख झाला. सोडतेवेळी त्याने समारंभ टाळला. त्या रात्री तो ड्रॉइटविच येथील मोठ्या प्रक्षेपणकेंद्रावर गेला, दिवसाचे प्रक्षेपण संपल्यावर तेथील यंत्र त्याने स्वतःच्या हाताने बंद केले, आणि पाहुण्यांच्या वहीत नावापुढे ‘माजी, बी. बी. सी.’ अशा अर्थाचे शब्द लिहून सही केली. त्यानंतरचे त्याचे आयुष्य म्हणजे एक लांबलेला रुसवा आहे. युद्धकाळात तो मंत्री झाला; १९४२ मध्ये चर्चिलने त्याला काढून टाकले. हिंदुस्थानचा व्हाइसरॉय व्हावे ही त्याची मनीषा होती, तीही राहिली. (ती पुरी झाली असती तर आपल्या वाट्याला किती रविवार आले असते, कोण जाणे!) त्याच्या रोजनिशीत हिटलरच्या कर्तबगारीविषयी कौतुकाचे उद्गार आहेत, ते वाचताना मन विटते. शिस्तीची आवड माणसाला कोठवर नेऊ शकते हे तेथे दिसते. १९५२ मध्ये ब्रिटनमध्ये व्यापारी दूरचित्रवाणीचा प्रस्ताव आला, तेव्हा उमरावांच्या सभेत उभे राहून त्याने तिची तुलना देवी आणि प्लेग यांच्या साथींशी केली. १९६० साली एका मुलाखतीत त्याने सांगितले की, आपल्या शक्तीला पुरेल एवढे काम आपल्याला आयुष्यात कधी मिळालेच नाही. १६ जून १९७१ रोजी तो एडिंबरो येथे वारला.

रीथ गेल्यावर त्याच्या रविवारचे सोवळे फार दिवस टिकले नाही. लढाई सुरू झाली आणि आघाडीवरच्या सैनिकांसाठी रविवारीही नाचगाणी वाजू लागली. काळा पोशाख गेला, निवेदकांची नावे सांगितली जाऊ लागली. शत्रूने आवाजाची नक्कल केली तरी ओळखता यावे, हे त्याचे कारण. जे नियमांच्या रूपाने होते ते असे गळून पडले. पण संस्थेच्या हाडात जे भिनले होते, ते सरकारच्या जवळ राहूनही सरकारचे न होण्याची धडपड, त्याचे काय झाले?

१९५६ च्या नोव्हेंबरात ब्रिटनने सुएझसाठी ईजिप्तवर हल्ला केला. देश दुभंगला. ३ नोव्हेंबरला पंतप्रधान ईडन यांनी राष्ट्राला उद्देशून भाषण केले. विरोधी पक्षनेते गेट्स्केल यांनी उत्तर देण्याची संधी मागितली. सैन्य रणांगणाकडे निघालेले असताना पंतप्रधानाविरुद्ध कोणाला बोलू द्यावे काय, हा प्रश्न पुन्हा त्याच संस्थेपुढे उभा राहिला. ईडन संतापले होते; संस्थेवर सरकारी लगाम घालण्याच्या गोष्टी सुरू झाल्या होत्या. बरोबर तीस वर्षांपूर्वी अशाच एका आठवड्यात मॅकडोनल्डला नकार मिळाला होता. रीथच्या हाताखाली घडलेले कित्येक अधिकारी त्या वास्तूत अजून कामावर होते.

४ नोव्हेंबरच्या रात्री गेट्स्केल बोलले.